पाच पाकळ्यांचं फूल आणि एक बोट

सोमवार, ४ मार्च

सहा आठवड्यांनी आज हातावरचा प्लॅस्टिकचा साचा उतरला. आतून निघालेला हात माझा वाटेना. पांढराफटक, सुरकुतलेला, आणि तळहातापासून करंगळीशेजारच्या बोटापर्यंत टाक्यांची वेडीवाकडी रेघ. दुकानातल्या आरशाखालची काचेची फळी पुसताना ती फुटली आणि या बोटाची आतली दोरी कापली गेली. डॉक्टर तिचं लांबलचक नाव घेतात. मी दोरी म्हणतो, कारण बोट तिच्यानंच ओढलं जातं. त्यांनी ती शिवून दिली. आता वळवायचं काम माझं.

फिजिओबाई वयानं लहान आहे, पण बोलते हेडमास्तरणीसारखी. "काका, मूठ करा," म्हणाली. केली. बाकीची बोटं निमूटपणे आली, हे एक अर्ध्या वाटेत थांबलं. मी त्याच्याकडे बघतोय आणि ते ढिम्म. बाईनं पट्टी लावून बोटाचं टोक आणि तळहात यांच्यातलं अंतर मोजलं. साडेचार सेंटिमीटर. म्हणाली, हे शून्याकडे न्यायचंय.

कात्रीच्या एका कडीत अंगठा असतो आणि दुसऱ्या कडीत हे बोट. लोकांना वाटतं अंगठाच सगळं करतो. अंगठा नुसता उघडझाप करतो, कात्री धरून ठेवतं ते हे बोट. हे वळलं नाही तर तीस वर्षांचा माझा केस कापायचा धंदा गेला, इतकं ते सरळ आहे.

मग बाईनं खणातून क्रोशाची सुई काढली. मला वाटलं चुकून दुसऱ्याच पेशंटचं सामान काढलं. पण नाही. सुईला मधोमध स्पंज गुंडाळून जाड मूठ केलेली, सोबत लोकरीचा लाल गुंडा आणि छापलेला एक कागद. 'सोपे फूल, पाच पाकळ्या, नवशिक्यांसाठी'. म्हणाली, "सुरी धरतो तशी पूर्ण मुठीत धरा. चारी बोटं तिच्याभोवती वळली पाहिजेत. रोज दोन तास. आणि २९ एप्रिलपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही, तेव्हा बघू."

रोज किती वेळ केलं ते लिहून आणायलाही सांगितलंय. तिच्यासाठी वेगळा कागद केलाय, त्यात नुसते आकडे. ही वही माझी. लिहायला घाबरत बसलो होतो, पण लिहिता येतं. पेन तीन बोटांतच मावतं, या बोटाला ते विचारतही नाही.

बुधवार, ६ मार्च

कागदावर लिहिलंय: पाच साखळ्या करा, टोकाला टोक जोडून कडं बनवा. साखळी म्हणजे दोऱ्याच्या फासातून दुसरा फास ओढून काढायचा. वाचायला सोपं आहे. सकाळी दहाला बसलो, साडेअकराला माझ्याकडे तीन साखळ्या होत्या, आणि त्याही इतक्या करकचून आवळलेल्या की सुई आत जाईना. चौथीच्या वेळी सुई मुठीतून निसटून कपाटाखाली गेली. कपाटाखाली हात घालताना मनात आलेलं वहीत लिहिण्यासारखं नाही.

बोट ठणकतंय. मनगटापर्यंत कळ येते. आमची ही संध्याकाळी औषधाच्या दुकानातून कामावरून आली, तीन साखळ्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाली, "छान आहे." काय छान आहे ते मी विचारलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

हिनं धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. मेहुणीला क्रोशे येतं, घरातल्या टीव्हीपासून पाण्याच्या माठापर्यंत तिनं सगळ्यांना झालरी घातल्यात. येऊन समोर बसली, माझं विणकाम बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "भाऊजी, एवढं आवळलंय, दोरा श्वास घेत नाही हो!"

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचे केस मी पंधरा वर्षं कापतोय, मी कधी हसलो का?"

"हसायला त्यांना केस कुठे आहेत?" ती म्हणाली. ही आत स्वयंपाकघरात एकटीच खूप वेळ हसत होती. घरात हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला.

शिकवते मात्र चांगलं. कड्यात दोन साखळ्या, मग दोन खांब, मग परत दोन साखळ्या आणि कड्यात अडकवून टाकायचं, की झाली एक पाकळी. खांब म्हणजे सुईवर दोरा एकदा जास्तीचा घेऊन केलेला उंच टाका. अशा पाच पाकळ्या. माझं फूल दोन तासांत झालं आणि त्याला सहा पाकळ्या निघाल्या. मेहुणी म्हणाली, उदार माणसाचं फूल आहे.

सोमवार, ११ मार्च

चार पूर्णांक दोन. बाई खूश. "दुखतं का?" विचारलं. म्हटलं, बाई, दुखून दुखून जेवण जात नाही. "बरोबर चाललंय," म्हणाली. डॉक्टरलोकांना दुसऱ्याच्या दुखण्याचा आनंद कसा होतो हे मला कळलेलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

आज दुकानात जाऊन आलो. जायला नको होतं.

दोन खुर्च्या आहेत आमच्या. दारातली माझी, आतली धाकट्या भावाची. धाकटा एकटा दुकान चालवतोय, रांग लागलेली होती. आणि माझ्या खुर्चीवर चादर टाकलेली. पांढरी, चारी बाजूंनी नीट खोचलेली. माणूस गेल्यावर सामानावर टाकतात तशी. बाकावर पाच माणसं ताटकळत बसलीत, आणि ही खुर्ची चादर पांघरून उभी. मी विचारलं, "ही अडगळ झाली का?" तर म्हणतो, "धूळ बसते, दादा." दुसरा कारागीर बसवायचा असेल त्याला, मला तोंडावर सांगवत नसेल. सांगायचं की सरळ.

मास्तर तिथेच पेपर वाचत बसले होते. निवृत्त शाळामास्तर, बावीस वर्षांचं माझं गिऱ्हाईक, मला 'कलाकार' म्हणतात. केस कानांवर आलेले. धाकटा म्हणाला, "बसा मास्तर, तुमचा नंबर." तर म्हणाले, "मी पेपर वाचायला आलोय. माझं डोकं कलाकाराचं आहे." सगळं दुकान हसलं. मला म्हणाले, "कधी येतोस? घरचे म्हणतात मी आता हार्मोनियम शिकवणाऱ्यासारखा दिसतो." मी म्हटलं, २९ एप्रिल. बोलून गेलो खरा, आणि घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला.

रविवार, १७ मार्च

शोध लागला! लिहून ठेवतो.

इतके दिवस ती स्पंजची मूठ धरून मी कुऱ्हाड चालवल्यासारखा विणत होतो. आज वैतागून स्पंज ओरबाडून फेकून दिला आणि सुई पेनासारखी धरली. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. आणि काय सांगू, सुई सुरसुर चालायला लागली! शिवलेलं बोट आणि करंगळी बाजूला ऐटीत उभी, कुठे मध्ये येत नाहीत. एक फूल पंचवीस मिनिटांत. पाच पाकळ्या, मोजून पाच, सगळ्या सारख्या. कळ नाही, ठणका नाही.

कारागीर तो कारागीर. हत्यार कसं धरायचं हे पुस्तकात वाचून कळत नाही, हाताला कळतं. बाईनं कधी एक तरी फूल केलं असेल का?

सोमवार, १८ मार्च

चार. बाईसमोर तीन फुलं ठेवली. तिनं उचलून उलटसुलट बघितली, म्हणाली, "काका, खरंच तुम्ही केलीत? मला एक ठेवू का?" ठेव म्हटलं. टेबलावरच्या पेनाच्या डब्याला लावून टाकलं. बाहेर चौदा माणसं खोळंबलेली, त्यामुळे लगेच पुढचा पेशंट आत आला.

सोमवार, २५ मार्च

चारच. बाईनं दोनदा मोजलं. "रोज दोन तास करता ना?" म्हटलं, दोन कुठले, चार चार तास करतो. आणि ते खरं आहे. "दुखतं का करताना?" अजिबात नाही म्हटलं. तर कपाळाला आठ्या. "थोडं दुखायला हवं," म्हणाली. दुखलं तरी पंचाईत आणि नाही दुखलं तरी पंचाईत. पट्टीसुद्धा मला आज वेगळी वाटली.

शनिवार, ३० मार्च

आता मी प्रसिद्ध माणूस आहे. केसांच्या क्लिपांवर फुलं बसवायची युक्ती मेहुणीनं दाखवली. क्लिपच्या पत्र्याभोवती आधी टाके घ्यायचे आणि त्यावर फूल शिवायचं. हिच्या औषधाच्या दुकानातल्या तिघींनी एकेक मागून घेतली. एकीनं तर पांढऱ्या डगल्यावर बिल्ल्यासारखी लावली. मास्तरांना पुस्तकात घालायला खूण करून दिली, लांब साखळी आणि टोकाला निळं फूल. धाकट्याला दुकानाच्या किल्लीसाठी गोंडा. त्यानं उलटसुलट करून बघितला आणि किल्लीला लावला.

संध्याकाळी मेहुणी आली होती. मी विणतोय आणि ती माझ्या हाताकडे बघतेय. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही सुई अशी का धरता? त्या बाईंनी वेगळी सांगितली होती ना? ताई म्हणत होती."

मी म्हटलं, "तीस वर्षं मी कात्री धरलीय. मला धरायला शिकवू नकोस."

ती सुटलेली लोकर गुंडाळायला लागली. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "एकदा बाईंना दाखवून तरी या."

"काय दाखवू? फुलं दाखवलीच आहेत. तिनं एक मागून घेतलंय."

बायकांना एखाद्याचं बरं चाललेलं पाहवत नाही असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. दोघींच्या समोर म्हणण्यासारखं नव्हतं.

सोमवार, ८ एप्रिल

चार पूर्णांक एक. म्हणजे वाढलं! मी म्हटलं, बाई, मोजण्यात चूक आहे. बघा ही फुलं, ही बारीक दोऱ्याची. असं काम करणारा हात बिघडलेला असेल का? बाई म्हणाली, फुलं सुंदर आहेत, पण मी बोट मोजते. बाईला आज कुणी दुखावलं होतं कोण जाणे.

शुक्रवार, १२ एप्रिल

आज भांडण झालं. मोठं.

ही जेवताना म्हणाली, "आमच्या दुकानात काउंटरला माणूस हवाय. बसून काम आहे. मालक म्हणाले, तुमचे यजमान घरीच असतात तर..."

मी घास ठेवून दिला. म्हटलं, "घरी असतात म्हणजे? मी सुट्टीवर आहे. २९ तारखेला माझी सुट्टी संपते."

"हो, पण नाही संपली तर?"

असं म्हणाली. तोंडातून निघून गेलं असेल, पण निघालं. तिनं मनातल्या मनात मला केव्हाच काउंटरवर बसवून टाकलंय, खोकल्याच्या बाटल्या पुडक्यात घालायला. मी ताटावरून उठलो. एवढी वर्षं बरोबर काढली आणि माझ्यावर एक महिनाभर विश्वास ठेवता येत नाही तिला. मला फार राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, हे फक्त इथे लिहितो.

मंगळवार, १६ एप्रिल

दुकानाची सुट्टी. मास्तरांना निरोप पाठवला, दुपारी या. धाकट्याकडून आरसे पुसायच्या निमित्तानं किल्ली आणली. २९ तारखेपर्यंत थांबायचं नाही असं कालच ठरवून टाकलं होतं. हिलाही दाखवायचं आणि बाईलाही.

चादर काढली. खाली खुर्ची लखलखत होती. धूळ बसते म्हणतो, आणि कातड्याला तेल लावलेलं, पाय ठेवायचा पत्रा घासलेला. दुसऱ्याला द्यायची तर इतकी कशाला पुसायची. असो.

मास्तर बसले. केस कॉलरवर आलेले. म्हणाले, "मान तुझ्या ताब्यात." गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी मारलं, कंगवा फिरवला. डाव्या हातात कंगवा, उजव्या हातात कात्री. अंगठा घातला. बोट घातलं. बोट कडीत गेलं, पण कडीभोवती वळेना. नुसतं आत उभं, खुंटीसारखं. मी कात्री चालवली तर वरचं पातं हललं आणि खालचंही हललं. दोन्ही पाती हलली की केस कापत नाहीत, चावतात. मी बळ लावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कात्री गरकन फिरली आणि कानामागे बोटभर खाच पडली, कानाच्या पाळीवर रक्त आलं.

मास्तर हलले नाहीत. आरशात माझ्याकडे बघत होते. मी फडक्यानं कान दाबून धरला. तीस वर्षांत मी कुणाचा कान कापला नव्हता. शिकाऊ असतानाही नाही.

"कलाकार," म्हणाले, "मला दुसरा कान आहे."

हसवायला म्हणाले. मी बाकावर बसलो. थोड्या वेळानं ते स्वतःच कापड सोडून उठले, टोपी घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मी केस झाडले. मूठभरसुद्धा नव्हते.

बुधवार, १७ एप्रिल

माझा वार नसताना दवाखान्यात गेलो. रांगेत न थांबता आत घुसलो. फुलांची पिशवी बाईच्या टेबलावर उलटी केली. एकशे बारा फुलं. म्हटलं, "हे घ्या! रोज चार चार तास केलं मी, आणि बोट खुंटीसारखं आहे. तुमच्या औषधात काही दम नाही."

बाई रागावली नाही. पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं आणि खणातून सुई काढली. "काका, एक फूल करून दाखवा."

मी बसलो. पाच साखळ्या, कडं, पहिली पाकळी. चिडलेला होतो, हात भराभर चालत होता. दुसऱ्या पाकळीवर ती म्हणाली, "थांबा. आता हात तसाच ठेवा. तुमचं बोट कुठे आहे?"

बघितलं. हवेत होतं. सुईच्या वर, एकटंच, सरळ, कशालाही न लागता. शेजारी करंगळी. फूल तिघांनी केलं होतं.

महिनाभर मी त्याला काहीच करू दिलं नव्हतं. एकशे बारा फुलांत त्यानं एक टाका घातलेला नाही. आणि मी इथे, याच वहीत, शोध लागला म्हणून लिहून ठेवलंय. आज मागची पानं काढून वाचली. लाज वाटली.

बाई म्हणाली, "चूक माझी पण आहे. मी फुलं बघत राहिले, हात बघितला नाही." मग खरं ते सांगितलं. दोरी आत आजूबाजूला चिकटत चाललीय. याच दिवसांत ती मोकळी व्हायला हवी होती. अजून जोर लावला तर सुटेल, नाहीतर परत ऑपरेशन, आणि त्यानंतरही किती वळेल ते तिला सांगता येणार नाही. मी विचारलं, "महिना वाया गेला का?" म्हणाली, "हो."

सरळ म्हणाली म्हणून बरं वाटलं.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. कानाचंही. ती ऐकत राहिली. तुला आधीच दिसलं होतं ना, असं मी विचारलं. म्हणाली, "दिसलं होतं. पण तुम्ही इतके खुशीत होता." मी म्हटलं, चुकलो. हे सांगायला मला फुलं करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

गुरुवार, १८ एप्रिल

नवीन स्पंज बांधला. मुठीत धरली. एका तासात चार साखळ्या. हाताला घाम, डोळ्यांत पाणी. पाचवी सुटली.

शुक्रवार, १९ एप्रिल

सकाळी दुकानात गेलो. धाकटा गिऱ्हाइकाला साबण लावत होता. मंगळवारची गोष्ट मास्तरांनी त्याला सांगितली होती, हे त्याच्या तोंडावरून कळलं. मी चादर काढून घडी केली आणि म्हटलं, "या खुर्चीवर माणूस बसव. कारागीर ठेव."

"नाही ठेवणार," म्हणाला.

"अरे, बाकावर माणसं ताटकळतायत. तीन महिने नुसती उभी आहे ती!"

"मग राहू दे. रोज सकाळी पुसतो मी. दादा, तू नसताना दुसऱ्याला त्या खुर्चीवर बघायचं नाही मला." हातातला साबणाचा ब्रश खाली टपकत होता. मी चादरीच्या घडीकडे बघत राहिलो. महिनाभर मी याला मनात काय काय बोललो होतो, ते सगळं मला तिथेच आठवलं. त्याला सांगितलं नाही. सांगून त्याला उगाच वाईट वाटलं असतं.

मास्तर पेपर घेऊन आत आले. टोपी डोक्यावर. मी म्हटलं, "मास्तर, टोपी काढा आणि बसा. माझ्या खुर्चीवर. धाकटा कापेल."

"मी थांबेन की," म्हणाले.

"नका थांबू. तुम्ही थांबलात की मला घाई होते. घाईनं काय होतं ते तुमच्या कानाला विचारा."

टोपी काढली आणि बसले. धाकट्यानं खाच झाकायला बाजू बारीक केल्या. मी मागे उभा राहून डाव्या हातात आरसा धरला. मास्तरांनी मान हलवून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मलाच विचारलं, "जमलंय का?" मी मानेवरची रेघ नीट बघितली. चूक सापडावी असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सापडली नाही. जमलंय म्हटलं. दुकानात ठीक होतो, घरी येऊन रडलो.

रविवार, २१ एप्रिल

मुठीत धरून पहिलं फूल पूर्ण. पाच तास, दोन दिवसांत मिळून. एक पाकळी मोठी, दोन चिकटलेल्या, मध्ये भोक. मेहुणी आली होती, मी तिच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, हस. ती हसली नाही. "हे मला द्या," म्हणाली. दिलं नाही. बाईला दाखवायचं होतं.

सोमवार, २२ एप्रिल

तीन पूर्णांक नऊ. बाईनं फूल बाजूला ठेवलं आणि मी पूर्ण एक पाकळी करेपर्यंत माझा हात बघत बसली. बाहेर लोक कुरकुरत होते.

शुक्रवार, २६ एप्रिल

औषधाच्या दुकानात मालकाला भेटून आलो. सोमवारनंतर सकाळी चार तास काउंटरला बसेन म्हणून सांगितलं. दुपार हाताची. हिला आधी सांगितलं नव्हतं. ती गोळ्यांची पाकिटं मोजत होती, मोजणी चुकली आणि पहिल्यापासून मोजायला लागली.

सोमवार, २९ एप्रिल

आजची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी मार्चमध्येच गोल करून ठेवली होती. ही रजा टाकून बरोबर आली.

तीन पूर्णांक सहा. मी सरळ विचारलं, कात्री धरता येईल का. बाई म्हणाली, "आज नाही. पुढे येईल का, ते मला आज माहीत नाही." मी मान डोलावली. मला वाटलं होतं जमीन सरकेल. सरकली नाही, कारण गेले दहा दिवस मी ती जागेवर नसल्यासारखाच चालतोय.

मग बाईनं हिला जवळ बोलावलं. "काकू, आता विणकाम पुरणार नाही. बोट तुम्ही वळवायचं. असं धरायचं, तळहाताकडे दाबायचं आणि दहा मोजेपर्यंत सोडायचं नाही. दिवसातून सहा वेळा. ते ओरडतील." ही दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, मला नाही जमणार. तीन महिन्यांत तिनं त्या हाताला एकदाही हात लावला नव्हता. तिला धक्का लागायची भीती वाटत असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी समजत होतो, तिला त्या हाताची किळस आली.

घरी येऊन चहा घेतला. चार वाजता ती समोर येऊन बसली, पदराला हात पुसले आणि माझा हात मांडीवर ओढून घेतला. बोटाखाली आपलं बोट घातलं आणि दाबलं. पहिल्या झटक्यालाच माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी ओरडलो. शेजारची बाई खिडकीत येऊन बघून गेली. हिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मोजत होती, एक, दोन, तीन, मोठ्यानं, बालवाडीतल्या मुलांना शिकवल्यासारखी. सातावर मी हात ओढला. तिनं सोडला नाही.

दहा झाल्यावर विचारलं, "फार दुखलं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मी नीट दाबलं नाही," म्हणाली, आणि परत एकपासून सुरुवात केली.